म्हाताऱ्या कुत्र्याची आकडी आणि ॲक्युपंक्चरच्या सुया

मंडळी, मघाशी राजारामपुरीतल्या काकूंनी विचारलं, डॉक्टर, आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला म्हातारपणी फिट यायला लागल्यात, गोळ्यांनी नुसता सुस्त पडतोय, तर गोळ्या बंद करून सुयाच करूया का? काकू, सुया करूया की, पण गोळ्या चालू ठेवून. फेनोबार्बिटोन, म्हणजे फिटची गोळी, एकदम थांबवलं तर त्यानंच जोराच्या फिट येतात बघा.

आणि त्याच्याही आधी तपासणी. कारण सापडत नाही अशी एपिलेप्सी कुत्र्यात बहुतेक वेळा 6 महिने ते 6 वर्षं या वयात सुरू होते, दहाव्या वर्षी पहिल्यांदा आकडी आली म्हटलं की मला आधी मेंदूतली गाठ, लिव्हर, रक्तातली साखर हेच आठवतं. गाठ सुईनं विरघळत नाही.

आता सुया म्हणजे इंजेक्शन डोळ्यासमोर आणू नका, ही सुई पोकळ नसते, केसासारखी बारीक असते, आणि तिच्यातून औषध जात नाही. कवटी संपून मान सुरू होते तिथं दोन्ही बाजूला बोटाला खळगा लागतो, तिथं एकेक, एक टाळूवर, एक-दोन मागच्या पायाला गुडघ्याखाली, आणि पंधरा-वीस मिनिटं मालकानं शेजारी सतरंजीवर बसायचं. बरीच कुत्री जांभया देतात, काही तर चक्क घोरतात. सुयांना करंट जोडायची पण पद्धत आहे, फिटच्या पेशंटला मी ती करत नाही.

पुरावा म्हणाल तर थोडका आहे. 1987 साली अमेरिकेतून 5 कुत्र्यांचा रिपोर्ट आला, औषधाला दाद न देणारी कुत्री होती, पाचही जणांच्या फिटमध्ये फरक पडला, पण दोघांच्या पुढं परत वाढल्या, आणि तुलनेला बिनसुयांचा गटच नव्हता. हे महत्त्वाचं अशासाठी की फिट आपोआपही कमी-जास्त होतात, तुम्ही माझ्याकडं येता सगळ्यात वाईट महिन्यात, मग पुढचा महिना जरा बरा जाणारच. म्हणून वही घाला, तारीख, वेळ, किती मिनिटं, आणि मोबाईलवर व्हिडिओ. सुया सुरू करायच्या आधीपासून लिहा, नाहीतर उपयोग झाला का ते ना तुम्हाला कळणार ना मला. मला स्वतःला फायदा जास्त दिसतो तो धरलेल्या सांध्यांना, दुखणं कमी झालं की म्हातारं जनावर रात्री शांत झोपतं, आणि झोपमोड, ताण यानं काही कुत्र्यांत फिट येतात, तेवढं तरी टळतं.

पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर जेवणातलं मीठ रोज सारखं पाहिजे. आठवडाभर अळणी भात आणि रविवारी पांढरा रस्सा असं केलं की वाढलेल्या मिठाबरोबर ब्रोमाइड लघवीवाटे निघून जातं, रक्तातलं प्रमाण घसरतं, शिवाय रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारीच.

आकडी आल्यावर चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात हात घालू नका, कुत्रं जीभ गिळत नाही. जवळचं फर्निचर सरकवा आणि घड्याळ बघा. 5 मिनिटांच्या वर गेली किंवा 24 तासांत दुसरी आली तर सुयांची अपॉइंटमेंट विसरा, गाडी काढा आणि थेट दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.