बेल्टवरच्या भावांनो, दोरी ओढा

श्रोतेहो, नमस्कार. वणी, राजुरा, कोरपना, भद्रावती या पट्ट्यात कितीतरी घरांतला एखादा मुलगा खाणीत, सिमेंट कारखान्यात नाहीतर वीज केंद्रात कन्व्हेयर बेल्टवर, म्हणजे कोळसा-दगड वाहून नेणाऱ्या फिरत्या रबरी पट्ट्यावर, कामाला आहे. आज त्या बेल्ट ऑपरेटर भावांशी बोलायचं आहे, आणि त्यांच्या घरच्यांशीही.

बाहेरच्याला वाटतं, बटण दाबायचं काम. पण खरी नोकरी बेल्टच्या कडेच्या गॅलरीतून चालताना होते. कुठला रोलर जाम होऊन किरकिरतोय, बेल्ट एका अंगाला सरकतोय का, माल मधोमध पडतोय का, हे कानाने आणि डोळ्याने ओळखावं लागतं. जाम रोलरवर रबर घासत राहिलं तर ते तापतं, आणि कोळशाच्या भुकटीला तेवढी आच पुरते. माल एका बेल्टवरून पुढच्या बेल्टवर पडत जातो, म्हणून सुरू करताना आधी शेवटचा बेल्ट, मग त्याच्या मागचा. थांबवताना पहिला आधी. नाहीतर माल मध्येच तुंबतो. हा क्रम इंटरलॉक सांभाळतं, म्हणजे तो चुकला तर बेल्ट चालू न देणारी यंत्रणा. ते बायपास करा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

सगळ्यात घातक जागा टेल पुलीची, म्हणजे बेल्टच्या मागच्या टोकाला तो ज्यावरून वळतो त्या चाकाची. तिथे सांडलेला माल साचतो. बेल्ट थांबवला तर काम थांबतं, म्हणून चालत्या बेल्टखाली फावडं घातलं जातं. सेकंदाला ३ मीटर पळणाऱ्या बेल्टने फावडं ओढलं की मूठ सोडायलाही वेळ मिळत नाही. आणि आपल्या गळ्यात उन्हाळाभर दुपट्टा! चंद्रपूरच्या मे महिन्यात तो हवाच, पण रस्त्यावर. पुलीजवळ तो गळफास ठरतो. चालत्या यंत्राशी काम करणाऱ्याला अंगासरशी बसणारे कपडे मालकाने द्यावेत, असं १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहिलं होतं. ते हक्काने मागा.

बेल्टच्या कडेने जाणारी, ओढताच बेल्ट थांबवणारी पुलकॉर्डची दोरी ओढायला कुणाची परवानगी लागत नाही. ठेकेदार ओरडेल, हजेरी कापेल, या धास्तीने हात मागे राहतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ओढा. मात्र सफाईसाठी नुसत्या दोरीवर विसंबू नका. शटडाऊन घ्या, वीज तोडून कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

उद्या पाळीवर गेलात की माल सुरू होण्याआधी दोरी पाहा. ती सैल लोंबत असेल तर लॉगबुकात लिहा आणि सुपरवायझरची सही घ्या.