पोटभाडेकरू भूत

श्रोतेहो, नमस्कार.

माझी एक जुनी अडचण आहे. कॉमिक्सचा विषय निघाला आणि कुणी विचारलं, 'तुमचा आवडता नायक कोण?' तर मी उत्तर देतो आणि समोरून लगेच दुसरा प्रश्न येतो, 'कोण?' बॅटमॅन म्हणणाऱ्यावर ही वेळ येत नाही. स्पायडरमॅन म्हणणाऱ्यावरही नाही. मी म्हणतो, 'डेडमॅन.' की लगेच 'कोण?' मग बिचारा निघायच्या बेतात असला तरी पुढचा अर्धा तास अडकतो. आज तुम्ही सापडलात. तुमच्याकडे रेडिओचं बटण आहे, त्याच्याकडे तेही नसतं.

तर डेडमॅन. नावातच सगळं आलं. हा नायक मेलेला आहे. गोष्टीच्या शेवटी मरत नाही, सुरुवातीलाच मरतो आणि मग त्याची गोष्ट सुरू होते. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून सांगतो. अंगाला चिकटून बसणारा लालभडक पोशाख, मानेमागे उभी उंच कॉलर, छातीवर इंग्रजी 'डी' अक्षर, आणि चेहरा पांढराफटक, कवटीला जवळचा. बघणाऱ्याला वाटेल, भुताचा अवतार. पण हा पोशाख त्याने जिवंतपणीच शिवून घेतलेला. बॉस्टन ब्रँड हे त्याचं खरं नाव. सर्कशीत झुल्यावरच्या कसरती करायचा, खाली जाळी न बांधता. मरणाला वाकुल्या दाखवणारा माणूस म्हणून खेळातलं नाव डेडमॅन. एका रात्री खेळ ऐन रंगात असताना, हा हवेत असताना, कुणीतरी गोळी झाडतं. मारेकऱ्याबद्दल एवढंच कळतं, की त्याच्या एका हाताच्या जागी लोखंडी आकडा आहे. मेल्यावर कपडे बदलायची सोय नसते. त्यामुळे प्रेक्षकांना घाबरवायला घातलेला तो वेश याच्या अंगाला कायमचा चिकटला, आणि आता तो बघायला प्रेक्षकच नाहीत.

हे घडलं ऑक्टोबर १९६७च्या अंकात. डीसी कॉमिक्सचं 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स' नावाचं मासिक होतं, मुळात विज्ञानकथांचं, त्याचा हा २०५वा अंक. लेखन आर्नोल्ड ड्रेक यांचं, चित्रं कार्मिन इन्फँटिनो यांची. त्याच सुमारास अमेरिकेतल्या टीव्हीवर एक निरपराध माणूस एकच हात असलेल्या खुन्याला शोधत गावोगाव हिंडत होता आणि ती मालिका तुफान गाजत होती. तेव्हा आकडेवाला खुनी कुठून आला असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. मी भक्त असलो तरी आंधळा नाही.

पुढचा भाग मात्र खास मराठी कानांसाठी. त्या सर्कशीत वश्नू नावाचा एक गूढविद्येचा जाणकार आहे. वश्नू. विष्णू म्हणता म्हणता जीभ घसरल्यासारखा. तो ज्या शक्तीला भजतो तिचं नाव रामा कुष्ना. रामकृष्णातला एक 'ऋ' कुठेतरी वाटेत सांडलेला. पुढे हिमालयात एक गुप्त जागा येते, तिचं नाव नंदा पर्बत. नंगा पर्बत तुम्हाला माहीत आहेच. एवढ्या चुका एका ठिकाणी सापडल्यावर खरं म्हणजे पुस्तक मिटून ठेवायला हवं. माझं उलटं झालं. ज्यांनी ही नावं योजली त्यांना आपल्याकडचं नेमकं काय हवं होतं, ते मला त्या चुकांच्या पलीकडे दिसलं. त्यांना हवा होता परकायाप्रवेश. इंग्रजीत ही कल्पना समजावून द्यायला चित्रकाराला चार चौकटी खर्ची घालाव्या लागतात. आपल्याकडे एका शब्दात काम भागतं.

रामा कुष्ना बॉस्टनला जीव परत देत नाही. त्याला एवढंच मिळतं, की मारेकरी सापडेपर्यंत तू पृथ्वीवर फिरशील आणि कुठल्याही जिवंत माणसाच्या देहात शिरू शकशील. शंकराचार्यांची आणि अमरू राजाची कथा आपण ऐकलेली असते. तिथे जिवंत आचार्य मृत राजाच्या देहात शिरतात. इथे मेलेला माणूस जिवंतांच्या देहात शिरतो. उलटा प्रवास.

इथे काही श्रोत्यांना वेताळ आठवला असेल. 'फँटम' कॉमिक्समधून मराठीत आलेला, चड्डी-मुखवट्यातला, कवटीची अंगठी घालणारा. पण त्याचं नाव भुताचं असलं तरी तो हाडामांसाचा माणूस. ठोसा मारला की ठशासकट लागायचा. माझ्या नायकाला ठोसा मारण्यासाठी आधी मूठ उसनी आणावी लागते.

मी त्याच्या नादी लागलो ते यामुळेच. विचार करा. तो कुणाला दिसत नाही, त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. टेबलावरचा पेला हलवायचा असला तरी त्याला माणूस लागतो. समजा एखादं मूल संकटात आहे. हा जवळच्या पहारेकऱ्याच्या अंगात शिरतो, धावतो, उडी मारतो, मुलाला वाचवतो आणि बाहेर पडतो. पहारेकरी भानावर येतो. आपण इथे कसे पोचलो, कपडे का फाटले, लोक टाळ्या का वाजवताहेत, त्याला काही उमगत नाही. पण टाळ्या त्याला मिळतात. आणि हा दोन हात वर तरंगत उभा, स्वतःच्याच कामाचं कौतुक दुसऱ्याच्या गळ्यात पडताना बघत. बाकीचे नायक आपली ओळख लपवतात आणि त्याचा केवढा बाऊ करतात! याला ओळख सांगायची आहे, पण ऐकणारं कुणी नाही.

बरं, हा सोशिक, संत माणूस असता तर एवढी मजा आली नसती. बॉस्टन ब्रँड जिवंतपणी तोंडाचा फटकळ, घमेंडी. ज्या रात्री मेला त्याच रात्री अर्ध्या सर्कशीशी भांडलेला. म्हणून तर संशयितांची रांग लागते. मेल्यावर त्याचा स्वभाव सुधारत नाही. कुरकुर करतो, रामा कुष्नाला फैलावर घेतो, स्वतःशीच बडबडतो. दुसरं कोण आहे बोलायला?

एक गमतीची गोष्ट सांगायची राहिली. अमेरिकेत १९५४पासून कॉमिक्ससाठी एक आचारसंहिता होती. छपाईआधी तिचा शिक्का लागायचा. त्या संहितेत चालती प्रेतं, पिशाच्चं, नरभक्षक या सगळ्यांवर बंदी होती. आणि इथे नायकाचं नावच डेडमॅन, वर त्या पहिल्याच गोष्टीत अमली पदार्थांच्या तस्करीचा धागा. तरी शिक्का मिळाला. कसा मिळाला असेल याची माझी स्वतःची उपपत्ती आहे: बंदी चालत्या प्रेतावर होती, आमचे हे तरंगतात.

पुढच्याच, म्हणजे २०६व्या अंकापासून चित्रं काढायला नील अ‍ॅडम्स आले. वय २६. जाहिराती आणि वर्तमानपत्रातली चित्रमालिका करून आलेले. त्यांच्या आधी कॉमिक्समधली माणसं बऱ्याचदा साच्यातून काढल्यासारखी असत. अ‍ॅडम्सची माणसं घाम गाळतात, त्यांच्या मानेच्या शिरा ताणतात. चौकटी तिरक्या होतात, एकमेकींवर कलतात, जणू पानच झुल्यावर बसलंय. तेव्हा नावाजले गेले ते, पुरस्कारही मिळाले. खप मात्र जमला नाही. १९६९च्या सुरुवातीला २१६व्या अंकात मालिका आटोपली. सगळे मिळून अंक १२.

मारेकऱ्याचं काय झालं? पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट आहे, तेव्हा फोडायला हरकत नाही. आकडेवाला सापडतो, पण बॉस्टनच्या हाती लागत नाही. तो मारेकऱ्यांच्या एका गुप्त टोळीत भरती होऊ पाहणारा उमेदवार निघतो. बॉस्टनला मारणं ही त्याची प्रवेशपरीक्षा. वैर नाही, मत्सर नाही, सर्कशीतल्या त्या सगळ्या भांडणांचा काडीचा संबंध नाही. झुल्यावरचा माणूस सोयीचा होता, एवढंच. आणि पुढचं तर आणखी वाईट. बॉस्टनचा जुळा भाऊ क्लीव्हलंड तोच पोशाख घालून झुल्यावर उतरलेला असतो. टोळीचा म्होरक्या ते बघतो, त्याला वाटतं सावज जिवंत आहे, म्हणजे उमेदवार नापास. आणि तो आकडेवाल्याला संपवून टाकतो. ज्या सूडासाठी हा भूत होऊन राहिला, तो सूड भलत्याच माणसाने, भलत्याच गैरसमजातून उगवला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो. एवढे अंक पाठलाग केला तो याच्यासाठी? आता वाटतं, लेखकांनी दुसरं काही केलं असतं तर मी ही गोष्ट केव्हाच विसरलो असतो.

मालिका बंद पडली, तरी नायक संपला नाही. मेलेल्याला बंद कसं करणार? पण स्वतःचं घर गेलं. तेव्हापासून हा दुसऱ्यांच्या कॉमिक्समध्ये राहतो. बॅटमॅनच्या अंकात एखादी गोष्ट. १९७०मध्ये अ‍ॅक्वामॅनच्या अंकांत मागची काही पानं. मग फँटम स्ट्रेंजर नावाच्या दुसऱ्याच एका गूढ नायकाकडे, १९७९च्या सुमारास 'अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स'मध्ये, १९८५मध्ये स्वॅम्प थिंग या दलदलीतल्या प्राण्याच्या वार्षिक अंकात, मेलेल्यांच्या प्रदेशातला वाटाड्या म्हणून. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, याच्याकडे पाठही नाही. बरीच वर्षं हे पोटभाडेकरूपण बघितल्यावर एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की हा कथेत जे करतो तेच कथेबाहेरही करतोय. दुसऱ्याच्या देहात शिरतो, त्याच्याकडून काम करून घेतो, निघून जातो. मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं.

त्यामुळे त्याच्या चाहत्याचं वाचनही बिघडतं. मी अ‍ॅक्वामॅनचे अंक मागून पुढे वाचलेत. माशांशी बोलणाऱ्या त्या राजाबद्दल मला अजूनही फारशी आस्था नाही, पण त्याच्या घरी माझा माणूस राहायला होता म्हणून त्याचं ऋण मानतो. २०११नंतर जादूवाल्या नायकांचा एक संघ निघाला, त्यात हाही घेतला. तिथे कॉन्स्टंटाइन या जादूगारासारखी बोलकी मंडळी. मी पानं उलटत फक्त लाल रंग शोधायचो. चार चौकटी मिळाल्या तर तो महिना बरा गेला म्हणायचा.

स्वतःचं घर त्याला अधूनमधून मिळतं. १९८५मध्ये जुन्या गोष्टी ७ अंकांत पुन्हा छापल्या. १९८६मध्ये ४ अंकांची नवी मालिका आली, चित्रं होसे लुइस गार्सिया-लोपेझ यांची. १९८९मध्ये केली जोन्स यांनी त्याला पार हाडांचा सापळा करून टाकला, गाल बसलेले, बोटं काटकुळी. चाहत्यांत यावरून दोन तट. कुणी म्हणतं अ‍ॅडम्सचाच खरा, कुणी म्हणतं भूत असावं तर जोन्सच्यासारखं. अ‍ॅडम्सचा बॉस्टन मेलेला असूनही कुठल्याही जिवंत माणसापेक्षा धडधाकट दिसतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण माझं मत विचाराल तर ते गार्सिया-लोपेझना. त्यांचा बॉस्टन हवेत उडत नाही, झुलतो. खांद्याचा झोका, पावलांची टोकं, सगळं कसरतपटूचं. झुला गेला तरी शरीराची सवय गेलेली नाही, आणि शरीरही गेलंय!

एक कबुली देतो. २०१०मध्ये कंपनीने त्याला जिवंत केलं. खरोखर जिवंत, भूक लागणारा, दुखलं तर ओरडणारा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी हळहळलो त्याला देह मिळाला, मी पेढे वाटायला हवे होते. मी कपाळाला हात लावला. जिवंत बॉस्टन ब्रँड म्हणजे काय? चांगल्या कोलांट्या मारणारा एक तापट माणूस. तशा माणसांनी कॉमिक्स भरलेली आहेत. पुढच्या वर्षी ती कथा संपता संपता तो पुन्हा मेला आणि मला हायसं वाटलं. नंतर बराच वेळ मी ओशाळून बसलो होतो. प्रेम करतो म्हणायचं आणि माणूस मेला की बरं वाटून घ्यायचं, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

तसंच प्रसिद्धीचंही. त्याला सगळ्यांनी ओळखावं असं मला वाटतं, आणि उद्या त्याच्यावर मोठा चित्रपट येऊन जो तो 'डेडमॅन, डेडमॅन' करायला लागला तर मला ते सहन होणार नाही, हेही ठाऊक आहे.

वेळ संपत आली. त्या शेवटच्या २१६व्या अंकातलं एक पान सांगून थांबतो. मालिका बंद पडायच्या बेतात, वाचक थोडे. त्या पानावर अ‍ॅडम्सनी एके ठिकाणी धुरासारख्या वळणदार रेषा काढल्यात. मी ते पान कितीदा पाहिलं असेल, मला धूरच दिसला. मग कुठेतरी वाचलं, की पान सरळ धरू नका. अंक डोळ्यांच्या पातळीला आडवा आणा, एक डोळा मिटा आणि पानाच्या खालच्या कडेकडून तिरकं बघा. तसं बघितलं. ताणलेल्या रेषा आखडल्या आणि त्यांची अक्षरं झाली. 'अरे, हा तर जिम स्टेरांको इफेक्ट!' स्टेरांको म्हणजे त्या वेळचा दुसऱ्या कंपनीचा गाजणारा चित्रकार, पानावर असले चमत्कार करण्यात तरबेज. त्याची केलेली थट्टा, धुरात लपवून ठेवलेली. अंक हातात घेऊन मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. मग पान सरळ केलं. पुन्हा धूर.

नमस्कार.