पाळीवर पोट टेकून

भंडारा-गोंदिया भागात गावागणिक तलाव. मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळातले. माजी मालगुजारी, म्हणून आज सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. भातशेतीसाठी कोहळी समाजानं हे बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पण पाळ, म्हणजे तलावाचा बांध, आणि पाणी राहिलं. पक्षीही राहिले.

ऑगस्टची सकाळ. पाऊस उघडलाय आणि कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत निघालाय. पांढरी मान, मानेमागे सोनेरी पट्टा, बाकदार लांब शेपटी. पायांची बोटं बघा, केवढी लांब! वजन पसरतं, पान बुडत नाही.

पलीकडे त्याची चार अंडी आहेत, भोवऱ्यासारखी निमुळती, चकचकीत तपकिरी. उबवणार बाप. मादी अंडी घालते आणि दुसरा नर शोधायला मोकळी! इकडे हा सव्वीसएक दिवस बसतो, पिल्लंही तोच सांभाळतो. धोका वाटला तर चोच आणि छातीच्या मध्ये धरून अंडी दुसरीकडे हलवतो.

म्हणून घरट्याचा फोटो काढायचा नाही. तो उठला की अंडी उघडी पडतात, आणि घारी-कावळ्यांना तेवढंच हवं असतं.

बाकी फोटो खुशाल काढा. पाळीवर उभं राहून काढला तर नुसती पाठ येते. पोटावर झोपा, कपडे चिखलात जाऊ द्या, लेन्स त्याच्या डोळ्याच्या रेषेत आणा. एक्सपोजर थोडं उणे ठेवा, नाहीतर फोटोत पांढऱ्या मानेची पिसं जळतात, नुसता पांढरा डाग उरतो.

आणि फ्रेममधून झाडोरा कापू नका. कमळ, शिंगाडा, देवधान (रानटी भात) आहे म्हणून अडई बदक आहे, जांभळी पाणकोंबडी आहे, टिबुकली आहे. काठाला बेशरमची झुडपं माजली की ही मंडळी हटतात. काही गावांत ढिवरांनी, म्हणजे इथल्या मासेमारांनी, ती उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पक्ष्यांसाठी याहून मोठं काम कुठल्या कॅमेऱ्यानं केलेलं मला तरी माहीत नाही.

कॅमेऱ्यांची गर्दी मात्र हिवाळ्यात. तेव्हा हिमालयापलीकडून चक्रवाक येतात, थापट्या बदकं येतात, सगळ्यांच्या लेन्स तिकडे वळतात. कमळपक्षी तेव्हाही इथंच असतो. फक्त शेपटी गळालेली, काळं पोट पांढरं झालेलं. शेजारून गेला तरी बरेच जण ओळखत नाहीत.