"थांब, पुढे मजा येते" असं ज्या गेमबद्दल सांगतात

[पडद्यावर: हिमवादळ. खोल बर्फातून पाय ओढत चाललेले घोडे.]

साल १८९९. दरोडा फसलाय, कायदा मागावर आहे आणि एक टोळी डोंगरातल्या बर्फात अडकलीय. २०१८ साली आलेल्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' ह्या व्हिडिओ गेमची ही सुरुवात. इथे घोडा भरधाव सोडता येत नाही, मनाला येईल तिकडे जाता येत नाही. साधारण दोन तास तुम्ही ह्या बर्फातच असता.

इथेच कंटाळून गेम बंद करणारे पुष्कळ आहेत. त्यांना मिळणारं उत्तरही ठरलेलं: "अरे थांब, पुढे मजा येते."

पुढे म्हणजे किती पुढे?

प्रश्न पैशांचाही आहे. गेम विकत घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि तो २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, पैसे परत मागता येतात. २०१५ पासूनची ही सोय चांगलीच आहे. पण घड्याळ गेम सुरू होताच चालू होतं. कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले सिनेमासारखे प्रसंग) पाहण्यात आणि सेटिंग लावण्यात गेलेली मिनिटंही त्यात धरली जातात. ज्या गेमला रंगात यायलाच चार तास लागतात, तो आपल्याला आवडतो की नाही हे कळेपर्यंत रिफंडची मुदत उलटून गेलेली असते.

[पडद्यावर: अरुंद, चकचकीत रस्ता. तीन पात्रं सरळ पुढे पळताहेत.]

'फायनल फँटसी १३' जपानमध्ये २००९ साली आला. त्यात एकूण १३ प्रकरणं आहेत, आणि ज्यात मनसोक्त भटकता येईल असं विस्तीर्ण मैदान उघडतं अकराव्या प्रकरणात. तोवर बहुतेक वेळ बोळातून पुढे जायचं, लढायचं, कटसीन पाहायचं. वाईट ह्याचं वाटतं की ह्या गेमची लढाई खरोखर सुरेख आहे. ऐन झटापटीत सगळ्या टीमच्या भूमिका एका क्षणात पालटता येतात. पण ही खुबी तुकड्यातुकड्यांनी हाती दिली जाते, जणू खेळणाऱ्याला एकदम झेपणारच नाही. अशी दिरंगाई मला मान्य नाही. चांगली गोष्ट तयार असताना ती अडवून ठेवायची आणि त्याला संयम म्हणायचं, हे बरोबर नाही.

[पडद्यावर: पाठीवर खोक्यांची उतरंड घेऊन खडकाळ उतारावरून तोल सावरत चालणारा माणूस.]

आता २०१९ चा 'डेथ स्ट्रँडिंग' बघा. जपानी गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमांचा हा गेमही संथच आहे. सुरुवातीला लांबच लांब कटसीन, आणि मग काम काय, तर सामान पाठीवर घेऊन पायी पोचवायचं. पाय घसरतो, ओझं एका बाजूला कलतं, नदीच्या पाण्यात खोकी वाहून जातात. वैतागायला होतं. पण बोटं रिकामी नसतात. प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. मग एखादा भाग गेममधल्या नेटवर्कला जोडला जातो आणि अवघड ओढ्यावर एक शिडी आडवी टाकलेली दिसते. जगाच्या पाठीवरच्या कुठल्यातरी दुसऱ्या खेळाडूनं ती टाकलेली असते. तोही इथेच धडपडला होता, हे तुम्हाला त्या क्षणी कळतं. पुढे तिसऱ्या प्रकरणात सामान गोळा करून, इतर खेळाडूंची भर मिळवत पक्के रस्ते बांधता येतात. त्या रस्त्यावरून पहिल्यांदा गाडी पळते तेव्हा होणारा आनंद, आधी तीच वाट पायी तुडवली नसती तर झालाच नसता.

माझी कसोटी ह्यातूनच आली आहे. सुरुवातीच्या तासांत हाताला खरं काम आहे का, आणि तेव्हा सोसलेलं पुढे कुठे कामी येतं का? 'रेड डेड'चा बर्फ ह्या कसोटीला उतरतो. उपाशी टोळीसाठी शिकार करताना, कोण जखमी आहे, कोण नेत्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबतो, हे सगळं कळत जातं. पुढे टोळीत तडे जातात तेव्हा ती माणसं ओळखीची झालेली असतात. मात्र घरं धुंडाळताना प्रत्येक वेळी कपाट उघडण्याचा सावकाश अभिनय पाहत बसणं मला जडच जातं.

आणि कसोटीला उतरला नाही तर? बंद करा. "इतके पैसे घातलेत, आता संपवायलाच हवा" म्हणून चाळीस तास रेटलेला गेम ते पैसे परत देत नाही, वर चाळीस तास घेऊन जातो. ज्यांना रोज जेमतेम तासभर मिळतो, त्यांच्यासाठी हे दीड महिन्याचं खेळणं झालं.

[पडद्यावर: हिरव्या माळावर उभा नायक. सेव्ह निवडण्याचा मेनू.]

ह्याला एक चांगला उपाय गेम बनवणाऱ्यांच्या हातात आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस' निन्टेन्डो स्विच ह्या गेम-कन्सोलवर २०१९ साली आला, तेव्हा त्याच्या मोफत डेमोत, म्हणजे चाखून बघायला दिलेल्या भागात, सुमारे १० तासांचा खेळ होता, आणि तीच सेव्ह (आपण कुठवर खेळलो त्याची नोंद) पुढे पूर्ण गेममध्ये नेता येत होती. हाही सावकाश उलगडणाराच गेम. पण इथे आधी दहा तास खेळायचे, आणि पैसे द्यायचे की नाही ते मग ठरवायचं. ज्यांचे गेम रंगात यायला वेळ घेतात, त्या सगळ्यांनी असा डेमो द्यायला हवा.