रेसिडेंटचं सरबत आणि आपली न्यायालयं

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या देशातली न्यायव्यवस्था कशी उभी राहिली, हा आजचा विषय. बडोद्यात बसून तो सांगायचा, तर बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या चौकशीपासूनच सांगायला हवा.

९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. इंग्रजांचा इथला रेसिडेंट, म्हणजे संस्थानावर नजर ठेवणारा अधिकारी, कर्नल फेर फिरून बंगल्यावर आला. पपनसाच्या सरबताचा पेला तयार होता. त्यानं दोन-तीन घोट घेतले, जिवाला बरं वाटेना, म्हणून उरलेलं खिडकीबाहेर फेकून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी गडद गाळ दिसला. गाळ तपासला, तर त्यात निघाला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड!   

संशय थेट महाराजांवर गेला. जानेवारी १८७५मध्ये त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारीत चौकशी आयोग बसला. तीन इंग्रज, तीन हिंदी. अध्यक्ष कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. हिंदी सदस्य म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूनं उभे राहायला खास लंडनहून बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले.

आता साक्षीदार पाहा. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी. त्याच्या पट्ट्यात पोलिसांना सोमलाची पुडी सापडली, आणि माफी मिळाल्यावर तो महाराजांविरुद्ध बोलला. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत, तेही उलटले. बॅलंटाइननं नेमकं इथंच बोट ठेवलं. स्वतःची मान सोडवण्यासाठी जो दुसऱ्याचं नाव घेतो, त्याच्या शब्दावर किती विसंबायचं? माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा, असं आपली न्यायालयं आजही म्हणतात.

शेवटी आयोग दुभंगला. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरलं, तिघा हिंदी सदस्यांनी आरोप सिद्ध झाल्याचं मानलं नाही. तीन विरुद्ध तीन! तरीही एप्रिलमध्ये महाराजांची गादी गेलीच. विषप्रयोगासाठी नव्हे, राज्यकारभार वाईट म्हणून, असं सरकारनं सांगितलं. महाराजांना मद्रासला धाडलं, आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेतलं. तेच आपले सयाजीराव.

श्रोतेहो, या आयोगाला निकाल देण्याचा अधिकारच नव्हता. त्यानं अहवाल द्यायचा आणि ठरवायचं सरकारनं. म्हणजे ज्याची तक्रार, त्याच्याच हाती फैसला. मला हे फार लागतं. राज्य करणारा वेगळा आणि न्याय देणारा वेगळा असायला हवा. पुन्हा सांगतो, राज्य करणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा. आपल्या राज्यघटनेच्या पन्नासाव्या कलमात हेच सांगितलं आहे.

बाकीचा इतिहास थोडक्यात. कंपनीच्या काळात १७२६च्या सनदेनं मुंबई, मद्रास, कलकत्ता इथं मेयरची कोर्टं आली. १८६०मध्ये दंडसंहिता झाली. १८६२मध्ये या तिन्ही शहरांत उच्च न्यायालयं सुरू झाली. पुराव्याचा कायदा १८७२चा, म्हणजे सरबताच्या प्रकरणाआधी दोनच वर्षं. २६ जानेवारी १९५०ला घटना अमलात आली, आणि दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालय. १ जुलै २०२४पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, पुराव्याचा कायदाही नवा आहे.

रचना तुम्हाला ठाऊकच आहे: जिल्हा न्यायालय, त्यावर उच्च न्यायालय, त्यावर दिल्लीचं सर्वोच्च. आपलं उच्च न्यायालय अहमदाबादला, १९६०पासून. त्याआधी बडोद्याचे दावे मुंबईला जात, आणि संस्थान होतं तेव्हा इथंच आपलं वरिष्ठ न्यायालय होतं. मूलभूत हक्कावर घाला आला, तर बत्तिसाव्या कलमानं थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. हे लक्षात ठेवा, थेट जाता येतं.

आणि एक विनंती. आपल्याकडे सुनावणी साधारणपणे खुल्या न्यायालयात होते, कुणालाही मागच्या बाकावर बसून ऐकता येते. कॉलेजात जाणारी मुलं-नातवंडं असतील, तर त्यांना एकदा जिल्हा न्यायालयात घेऊन जा. उलटतपासणी कशी चालते, ते त्यांना कानांनी ऐकू द्या. नमस्कार.