विद्यमान खासदाराला पाडायचं, पण आधी आपसात

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे निवडणूक जवळ आली की पहिली चर्चा तिकिटाची. कोणाला एबी फॉर्म मिळाला, कोण मुंबईला खेटे घालून रिकाम्या हाताने परतला, कोण आता बंडखोरी करणार. अमेरिकेत असं तिकीट पक्षाध्यक्षाच्या हातात नसतं. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत आणि दर दोन वर्षांनी सगळ्या जागांची निवडणूक होते. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्याआधी काही महिने होणाऱ्या प्राथमिक फेरीत मतदारच ठरवतात. म्हणून एखाद्या खासदाराला पाडायला निघालेले एकाच पक्षाचे पाच-सहा जण आधी एकमेकांशी लढतात. ही पहिली लढाई मतांच्या कितीतरी आधी पैशांवर सुरू होते. आज मी तुम्हाला अशीच एक लढत सांगणार आहे, कॅलिफोर्नियातली, २०१८ सालची.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटी आहे. हंटिंग्टन बीच, न्यूपोर्ट बीच, लगुना बीच ही तिथली समुद्रकाठची गावं. रिपब्लिकन पक्षाचा हा जुना बालेकिल्ला. किनाऱ्यावरच्या ४८ व्या मतदारसंघाचे खासदार होते डेना रोहराबाकर. ते पूर्वी अध्यक्ष रेगन यांची भाषणं लिहून देत. १९८८ साली ते पहिल्यांदा निवडून आले आणि मग सलग तीस वर्षं त्यांना कोणी हलवू शकलं नाही. २०१६ मध्येही त्यांना ५८ टक्के मतं पडली. मात्र त्याच मतदारांनी त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांच्यापेक्षा हिलरी क्लिंटन यांना थोडी जास्त मतं दिली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांनी हा आकडा पाहिला आणि त्यांच्या आशा जाग्या झाल्या. २०१७ पासून रोहराबाकर यांच्या हंटिंग्टन बीचमधल्या कार्यालयाबाहेर नागरिकांची निदर्शनं सुरू झाली. इच्छुकांची रांगही लागली.

इथे कॅलिफोर्नियाचा एक वेगळा नियम समजून घ्यायला हवा. २०१० साली तिथल्या मतदारांनीच तो मंजूर केला. प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघं पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१२ साली हा नियम पहिल्यांदा लागू झाला. त्याच वर्षी ३१ व्या मतदारसंघात, जिथे डेमोक्रॅटांचं पारडं जड होतं, चार डेमोक्रॅटांत मतं वाटली गेली आणि पहिल्या दोन जागा रिपब्लिकन उमेदवारांनी घेतल्या. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर डेमोक्रॅट पक्षाचं नावच नव्हतं! ही जखम सहा वर्षांनंतरही ओली होती.

आता २०१८ कडे. ४८ व्या मतदारसंघात १६ जणांनी अर्ज भरले, त्यांतले आठ डेमोक्रॅट. आघाडीवर दोघं. एक हान्स कीरस्टेड, मूलपेशींवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. दुसरे हार्ले राउडा, जमीन-मालमत्तेच्या व्यवसायातले, आणि एके काळचे रिपब्लिकन. राज्यातल्या पक्षाने अधिवेशनात कीरस्टेड यांना पाठिंबा दिला. वॉशिंग्टनमधल्या पक्षाच्या निवडणूक समितीने मे महिन्यात राउडा यांना दिला. एकाच पक्षाचे दोन हात दोन उमेदवारांच्या खांद्यावर! आणि त्यातच रोहराबाकर यांचेच जुने सहकारी स्कॉट बॉ रिपब्लिकन म्हणून उभे राहिले. रोहराबाकर आणि बॉ, असे पहिले दोघं रिपब्लिकन निघाले तर काय, या धास्तीने तीन डेमोक्रॅटांनी माघार घेतली. पण मुदत उलटून गेली होती, नावं मतपत्रिकेवर कायम राहिली, आणि त्या नावांनाही मतं पडली.

श्रोतेहो, आता पैशाचं सांगतो, कारण या लढती खऱ्या अर्थाने तिथेच आकार घेतात. एक व्यक्ती एका उमेदवाराला किती देऊ शकते याला कायद्याने मर्यादा आहे. त्या वर्षी ती प्राथमिक फेरीसाठी २,७०० डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळी २,७०० डॉलर होती. मुख्य निवडणुकीसाठी दिलेले पैसे प्राथमिक फेरीत वापरता येत नाहीत आणि उमेदवार पहिल्याच फेरीत हरला तर ते परत करावे लागतात. म्हणून आपसातल्या लढाईत एकूण किती जमले याला फारसा अर्थ नसतो. आज खर्च करता येतील असे हातात किती आहेत, याला असतो. उमेदवाराने स्वतःचे पैसे घालायला मात्र कसलीही मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच तसा निर्णय दिला. राउडा यांनी खिशातून मोठी रक्कम घातली ती याच वाटेने.

दर तिमाहीचा हिशेब निवडणूक आयोगाकडे द्यावा लागतो. ज्याने त्या निवडणुकीच्या पूर्ण काळात मिळून २०० डॉलरपेक्षा जास्त दिले त्याचं नाव, गाव, व्यवसाय, कुठे नोकरी करतो, हे सगळं त्यात असतं आणि कोणालाही घरबसल्या पाहता येतं. १५ एप्रिलला हिशेब जाहीर झाले की वर्तमानपत्रं लगेच लिहितात, अमुक पुढे, तमुक मागे. ज्याचा आकडा लहान त्याला मग पुढच्या तिमाहीत कोणी पैसे देत नाही. सुरुवातीचा पैसा विरजणासारखा असतो, थोडाच लागतो पण तो वेळेवर लागतो. चांगल्या शिक्षिका, परिचारिका, कामगार नेते या पहिल्या तिमाहीतच गळून जातात, त्यांना एकही मत पडायच्या आधी. मला या पद्धतीतलं सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

आणि हा पैसा जमतो कसा? फोनवर. उमेदवार रोज तासन् तास एका खोलीत बसतो, समोर नावांची यादी, शेजारी एक सहायक. ओळख सांगायची, दोन वाक्यं बोलायची आणि रक्कम मागायची. निवडून आलेल्यांचीही यातून सुटका नाही. सरकारी कार्यालयातून वर्गणी मागायला बंदी आहे, म्हणून खासदार संसदेतून उठून जवळच्या पक्ष कार्यालयात जातात आणि तिथून फोन लावतात. लोकांचे प्रश्न समजून घ्यायचा वेळ असा जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंटरनेटवरून पाच-दहा डॉलर देणाऱ्या लाखो लोकांनी हा भार थोडा हलका केला आहे, पण तो उतरलेला नाही.

तरी एक गोष्ट मी ठामपणे म्हणेन. नावांची ती उघडी यादी फार मोलाची आहे. आपल्याकडे कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे निवडणूक रोख्यांनी वर्षानुवर्षं झाकून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती योजना रद्द केली तेव्हा कुठे नावं बाहेर आली. अमेरिकेतही अमर्याद खर्च करणारे स्वतंत्र गट आहेत आणि त्यांतल्या काहींच्या पैशाचा उगम दिसत नाही. पण उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यापुरता तरी हिशेब लख्ख आहे. आपल्यापैकी ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ग्रीन कार्ड असेल तर वर्गणी देता येते, एच-वन व्हिसावर असाल तर एक डॉलरही देता येत नाही.

५ जून २०१८ ला मतदान झालं. रोहराबाकर ३० टक्क्यांवर, पहिले. राउडा आणि कीरस्टेड दोघंही १७ टक्क्यांच्या आसपास. बॉ त्यांच्या मागे थोड्याच अंतरावर. डेमोक्रॅटांच्या निवडणूक समितीने शेवटी बॉ यांच्याविरुद्धही जाहिरातींवर पैसा ओतला होता. टपाली मतांची मोजणी कित्येक दिवस चालली. अखेर राउडा पुढे गेले, १२५ मतांनी. लाखाहून अधिक मतदारांमधून फक्त १२५! नोव्हेंबरमध्ये राउडा सुमारे ५४ टक्के मतं घेऊन जिंकले आणि तीस वर्षांची खासदारकी संपली.

पुष्कळ उमेदवारांच्या गर्दीचा फायदा कोणाला होतो, याचं आपल्या जवळचं उदाहरण डेट्रॉइटचं. श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे. २०२२ साली तिथली जागा मोकळी झाली. डेमोक्रॅटांच्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले आणि सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये प्राथमिक लढतीला दुसरी फेरी नसते. बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या या शहराला जवळजवळ सात दशकांत पहिल्यांदाच संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहिला नाही. एका मराठी माणसाच्या यशाचा मला आनंद आहेच, पण ज्या वस्त्यांना आपला आवाज गेल्यासारखं वाटलं त्यांची वेदनाही मला खरी वाटते. २०२४ मध्ये ॲडम हॉलियर यांनी त्यांना पक्षातूनच आव्हान दिलं, पण अर्जावरच्या वैध सह्या १,००० भरल्या नाहीत म्हणून नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. नगरसेविका मेरी वॉटर्स उभ्या राहिल्या आणि हरल्या.

ऑरेंज काउंटीत २०१८ साली शेजारच्या ४५ व्या मतदारसंघातही अशीच चुरस होती. तिथे केटी पोर्टर यांनी पक्षांतर्गत लढतीत डेव्ह मिन यांना मागे टाकलं आणि पुढे विद्यमान खासदार मिमी वॉल्टर्स यांना हरवलं. राउडा यांची खासदारकी मात्र दोनच वर्षं टिकली, २०२० मध्ये मिशेल स्टील यांनी त्यांना पाडलं. आणि डेव्ह मिन? ते २०२४ साली पुन्हा उभे राहिले. प्राथमिक फेरीत एका बाहेरच्या गटाने त्यांच्याविरुद्ध चाळीस लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. तरी ते पुढे आले, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच स्कॉट बॉ यांचा पराभव करून संसदेत गेले.

नमस्कार.