बेडूक किती, यापेक्षा शोध किती: गुना यालाच्या ओढ्यांवरचे सर्वेक्षण

नमस्कार. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगत गुना याला नावाचा चिंचोळा प्रदेश आहे. त्याच्या एका बाजूला डोंगररांग आहे, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या दाट जंगलातून मांडिंगा, कांगांडी यांसारख्या नद्या वाहतात. अशा पाणलोट क्षेत्रातील उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी कशी करतात, हे आज पाहू.

ही भूमी गुना या आदिवासी लोकांची आहे. १९२५ साली त्यांनी पनामा सरकारविरुद्ध उठाव केला आणि १९३८ साली या प्रदेशाला कायद्याने वेगळा दर्जा मिळाला. १९८०च्या दशकात येथील जंगल राखण्याचा प्रकल्पही त्यांनी स्वतःच उभारला. त्यामुळे केवळ सरकारी परवाना खिशात घालून येथे उतरणे योग्य नाही. काय पकडणार, नमुने कोठे नेणार आणि नोंदी कोणाकडे राहणार, हे गुना लोकांच्या सभेपुढे आधी मांडावे लागते.

प्रत्यक्ष काम बहुतांशी रात्रीचे असते. डोक्याला विजेरी बांधून ओढ्याच्या ठरावीक लांबीच्या पट्ट्यातून सावकाश चालायचे, पाण्यावर झुकलेल्या पानांवर काचबेडूक (पोटाची त्वचा पारदर्शक असलेले लहान बेडूक) दिसतात का ते पाहायचे, खडकांच्या फटी तपासायच्या आणि नरांचे आवाज टिपायचे. पालापाचोळ्यातील लहान बेडूक आणि सरडे यांच्यासाठी दिवसाही फेरी मारावी लागते. देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, तर जमिनीखालीच राहते, त्यामुळे ते सापडले तर नशीबच म्हणायचे.

प्रजातींची लांबलचक यादी पाहून आपण भारावतो. माझ्या मते तिच्याइतकेच मोल शेजारच्या रकान्याला आहे. किती माणसांनी, किती तास, कोणत्या पट्ट्यात शोध घेतला, पाऊस होता की नव्हता, हे तेथे लिहिलेले असते. ती नोंद नसेल, तर प्राणी खरोखर कमी झाले की शोधणारे कमी होते, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. सापांच्या बाबतीत हे फारच जाणवते, कारण रात्रभर फिरूनही पुष्कळदा एकही साप दिसत नाही, आणि न दिसणे म्हणजे नसणे नव्हे.

पनामातीलच एल कोपे येथे या काटेकोरपणाचे फळ मिळाले. २००४ साली तेथे बेडकांच्या त्वचेला जीवघेणा रोग जडवणारी कायट्रिड बुरशी पोहोचली आणि बेडूक मोठ्या संख्येने मेले. त्याआधीच्या आणि नंतरच्या, सारख्याच पद्धतीने केलेल्या नोंदी हाताशी असल्यामुळे, बेडकांपाठोपाठ सापांची विविधताही घटल्याचे संशोधकांना २०२० साली दाखवता आले. अनेक साप इतके क्वचित दिसलेले होते की त्यांनी ठाम आकडा न देता, सापांच्या प्रजाती घटल्याची शक्यता ८५ टक्के असल्याचे मांडले. मला हा निष्कर्ष जितका महत्त्वाचा वाटतो, तितकीच ही सावध मांडणीही.

हीच बुरशी चिखलाने माखलेल्या बुटांवरून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. म्हणून पाणलोट बदलताना बूट आणि जाळी घासून निर्जंतुक करतात, तसेच प्रत्येक बेडकासाठी नवे हातमोजे घालतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.

शेवटचा मुद्दा अहवालाचा. रंगीत विषारी बेडकांची चोरटी विक्री होते, म्हणून त्यांची नेमकी ठिकाणे उघड नकाशावर देऊ नयेत; ती कोणाला दाखवायची, हे गुना लोकांनी ठरवावे.